लाल रेघ सोडून, सनावळीने बॉस्टन: सहा दिवस

बॉस्टनच्या फुटपाथवर फ्रीडम ट्रेल नावाची चार किलोमीटरची लाल रेघ आहे. कुठे विटांची, कुठे नुसती रंगाची. बॉस्टन कॉमनच्या मैदानातून निघते, सोळा ठिकाणं दाखवते आणि नदीपलीकडे बंकर हिलला संपते. मुलांकडे आलेले आपले आईवडील बहुतेक हिच्यावरूनच अर्ध्या दिवसात शहर उरकतात. रेघ पायांच्या सोयीची आहे, इतिहासाच्या नाही. १७७० च्या गोळीबारात मेलेल्यांची थडगी आधी लागतात, गोळीबाराची जागा नंतर, आणि १७७३ ची चहाची सभा दोन्हींच्या मधे. शेवटी हाती उरतं ते शाळेतलंच वाक्य: इंग्रजांनी कर लावले, वसाहतवाले चिडले, क्रांती झाली. पण या दहा-बारा वर्षांत कर कधी अर्ध्यावर आले, कधी रद्द झाले, चहा तर स्वस्त झाला. तरी भांडण चढतच गेलं. ते का, हे पाहायचं तर सनावळीने फिरायला हवं. त्याच ठिकाणांना थोडी उलटसुलट चाल पडते, बाकी काही नाही.

निघण्यापूर्वी फोनमध्ये १७७५ चा बॉस्टनचा नकाशा ठेवा. तेव्हाचं बॉस्टन जवळजवळ बेट होतं, 'नेक' नावाच्या अरुंद पट्टीने जमिनीला टांगलेलं. आज जिथे बॅक बेची टुमदार घरं आहेत तिथे भरतीचं पाणी यायचं. पुढे डोंगर तासून, भराव टाकून शहर वाढवलं. हे डोक्यात नसेल तर 'सैन्य नावेने जाणार की जमिनीने' हा प्रश्नच हास्यास्पद वाटतो. मेट्रोला इथे नुसतं 'टी' म्हणतात. टी आणि बसला बँकेचं कार्ड टॅप करून चालतं, उपनगरी गाडीचं तिकीट वेगळं.

पहिला दिवस: १७६१ ते १७६६

स्टेट स्टेशनातून वर आलं की समोर उंच इमारतींच्या घोळक्यात विटांची एक छोटी इमारत दिसते. ती ओल्ड स्टेट हाऊस, १७१३ ची. वरच्या मजल्यावरच्या कौन्सिल चेंबरपासून सुरुवात करायची. फेब्रुवारी १७६१ मध्ये इथे जेम्स ओटिस नावाचा वकील चार-पाच तास बोलला. विषय होता झडतीचे सरसकट परवाने. कस्टमच्या अधिकाऱ्याने कुठलंही घर, कुठलंही गोदाम उघडावं; कोणाचं, कशासाठी, हे लिहायची गरज नाही. हे परवाने राजाच्या मृत्यूनंतर सहा महिन्यांत बाद होत. दुसरा जॉर्ज ऑक्टोबर १७६० मध्ये वारला, नूतनीकरणाची वेळ आली आणि व्यापाऱ्यांनी ती संधी साधली. ओटिस खटला हरला. पण पुढच्या सगळ्या भांडणाची भाषा, म्हणजे 'आम्हीही इंग्रज प्रजाच, मग इंग्रजांचे हक्क आम्हाला का नाहीत', या खोलीत ऐकू येते. स्वातंत्र्याचा शब्द अजून कोणाच्या तोंडी नव्हता.

फ्रान्सशी चाललेलं सात वर्षांचं युद्ध १७६३ मध्ये संपलं तेव्हा ब्रिटनचं कर्ज सुमारे साडेसात कोटी पौंडांवरून तेरा कोटींच्या वर गेलं होतं, आणि अमेरिकेत सुमारे दहा हजार सैनिक ठेवायचं घाटत होतं. खर्चाचा वाटा वसाहतींनी उचलावा, ही लंडनची अपेक्षा. १७६४ चा साखर कायदा इथे नीट समजून घ्यावा. परदेशी मळीवरचा कर गॅलनमागे ६ पेन्सवरून ३ पेन्सवर आणला. साखर कारखान्यांच्या पट्ट्यातल्या माणसाला मळी आणि दारूचं नातं सांगायला नको. न्यू इंग्लंडच्या रमच्या भट्ट्या याच मळीवर चालत. कर निम्मा झाला, मग राग कशाचा? जुना ६ पेन्सचा कर कोणी भरतच नव्हतं, अधिकाऱ्याला चिरीमिरी दिली की काम व्हायचं. नवा ३ पेन्सचा कर खरोखर वसूल करायचा होता, आणि पकडलेल्यांचा खटला ज्यूरीशिवायच्या नौदल-न्यायालयात चालणार होता.

तिथून वॉशिंग्टन स्ट्रीटने दक्षिणेला पाऊण किलोमीटर चाललं की चायनाटाऊन स्टेशनजवळ एसेक्स स्ट्रीटचा कोपरा येतो. लिबर्टी ट्री इथे होता. आता जमिनीत एक खूण आणि समोरच्या इमारतीवर, वरच्या मजल्याशी, झाडाचं कोरीव शिल्प. मान वर केली नाही तर चुकतंच. मुद्रांक कायदा २२ मार्च १७६५ ला मंजूर झाला. वर्तमानपत्र, परवाने, दस्तऐवज सगळं स्टॅम्पच्या कागदावर. पत्त्यांच्या जोडाला एक शिलिंग, फाशांच्या जोडीला दहा. आणि भरणा स्टर्लिंगमध्ये, ज्याची वसाहतींत कायम टंचाई. १४ ऑगस्टला झाडाला स्टॅम्प विकण्यासाठी नेमलेल्या अँड्र्यू ऑलिव्हरचा पुतळा लटकला. शेजारी एक बूट, त्यातून डोकावणारा सैतान: माजी पंतप्रधान लॉर्ड ब्यूटच्या नावावरची कोटी. पुतळे कसे निघतात, मिरवतात आणि जाळतात हे आपल्याकडे नव्याने सांगायला नको. ऑलिव्हरने काम सोडलं. २६ ऑगस्टला लेफ्टनंट गव्हर्नर हचिन्सनचं नॉर्थ एंडमधलं घर जमावाने फोडलं. १ नोव्हेंबरला कायदा लागू झाला तेव्हा स्टॅम्प विकायला कोणी उरलंच नव्हतं.

१८ मार्च १७६६ ला कायदा रद्द. लोकांनी रोषणाई केली. त्याच दिवशी पार्लमेंटने दुसरा कायदा केला, की वसाहतींसाठी कुठल्याही बाबतीत कायदे करायचा अधिकार आम्हाला आहेच. तो जल्लोषात फारसा कोणी मनावर घेतला नाही.

दुसरा दिवस: १७६८ ते १७७०

अक्वेरियम स्टेशनला उतरून लाँग व्हार्फ या धक्क्याच्या टोकाला जा आणि शहराकडे तोंड करा. १ ऑक्टोबर १७६८ ला १४ वी आणि २९ वी पलटण या धक्क्यावर उतरली. कारण १७६७ ची टाऊनशेंड करआकारणी (काच, शिसं, रंग, कागद, चहा), बॉस्टनमध्ये बसवलेलं कस्टमचं मंडळ, आणि जून १७६८ मध्ये व्यापारी जॉन हँकॉकची 'लिबर्टी' नौका जप्त केल्यावर उसळलेली दंगल. सैनिक जिथून चालत गेले ती किंग स्ट्रीट म्हणजे आजची स्टेट स्ट्रीट. सरळ चालत या, दहा मिनिटांत ओल्ड स्टेट हाऊस. पंधरा-सोळा हजार वस्तीच्या गावात लवकरच काही हजार सैनिक राहू लागले. पगार तुटपुंजा, म्हणून ते फावल्या वेळात कमी मजुरीत काम शोधायचे. २ मार्च १७७० ची मारामारी दोरखंड वळणाऱ्या कारखान्यात झाली ती यातूनच. करावरून भांडणारे व्यापारी एकीकडे, मजुरीवरून भांडणारे कामगार दुसरीकडे. सैन्याने दोघांना एका बाजूला आणून ठेवलं.

५ मार्चची रात्र. बर्फ पडलेला, कस्टम हाऊसपुढे ह्यू व्हाइट हा एकटा पहारेकरी. एका पोराशी बाचाबाची झाली, गर्दी वाढली. कोणीतरी चर्चच्या घंटा वाजवल्या. घंटा म्हणजे आग, म्हणून लोक बादल्या घेऊन बाहेर पडले. 'फायर' हा शब्द त्या गल्लीत आगीसाठीही ओरडला जात होता आणि सैनिकांना डिवचण्यासाठीही. कॅप्टन प्रेस्टन मूठभर माणसं घेऊन आला. एक सैनिक फटका बसून पडला, उठला आणि त्याने गोळी झाडली, मग बाकीच्यांनी. पाच जण मेले. त्यांत क्रिस्पस अ‍ॅटक्स, आफ्रिकी आणि स्थानिक वंशाचा खलाशी. इमारतीसमोरचं दगडी वर्तुळ ही गोळीबाराची खूण आहे, पण ते हलवून सोयीच्या जागी बसवलेलं आहे. खरी जागा शेजारच्या चौकातल्या रहदारीत.

चांदीकाम करणाऱ्या पॉल रिव्हिअरने छापलेलं या गोळीबाराचं चित्र आत पाहायला मिळतं. ते मुळात हेन्री पेलमच्या चित्राची नक्कल. चित्रात सैनिक एका रांगेत शिस्तीत बार काढतात, प्रेस्टन मागून तलवार उगारून हुकूम देतो, कस्टम हाऊसवर 'बुचर्स हॉल' अशी पाटी. साक्षीपुराव्यात यातलं काही बसत नाही. सैनिकांचं वकीलपत्र पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन अ‍ॅडम्सने घेतलं. प्रेस्टन सुटला, आठ सैनिकांतले सहा सुटले, दोघांच्या अंगठ्यावर डाग देऊन सोडलं. पण खटला शहरापुरता राहिला आणि चित्र वसाहतभर पोचलं. आणखी एक योगायोग: त्याच ५ मार्चला लंडनमध्ये पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ टाऊनशेंडचे कर मागे घ्यायचा प्रस्ताव मांडत होते. सगळे मागे, फक्त चहावरचा ठेवायचा. पौंडभर वजनाला तीन पेन्स. अधिकार आहे, एवढं दाखवायला.

संध्याकाळी ग्रॅनरी कब्रस्तान. पाचही जण तिथेच, चळवळीचा पुढारी सॅम्युअल अ‍ॅडम्सच्या शेजारी.

तिसरा दिवस: चहा

हा दिवस घाईत उरकू नका, कारण याचं मूळ आपल्याकडे आहे. चहा आपला नव्हता. आसामच्या मळ्यांना अजून सहा-सात दशकं अवकाश होता. समुद्रात गेला तो सगळा चीनचा: बहुतेक काळा बोही, थोडा काँगू आणि सुशाँग, आणि सिंगलो व हायसन हा हिरवा. पण मालक ईस्ट इंडिया कंपनी. बंगालमध्ये १७७० चा भीषण दुष्काळ, कंपनीचा तिथला वाढलेला लष्करी खर्च आणि लंडनच्या गोदामांत पडून राहिलेला कोट्यवधी पौंड वजनाचा चहा, अशा कात्रीत १७७२ मध्ये कंपनी बुडायला आली. पार्लमेंटने १४ लाख पौंडांचं कर्ज दिलं, रेग्युलेटिंग अ‍ॅक्टचा लगाम घातला आणि चहा खपवायला १० मे १७७३ ला चहा कायदा केला. पैकी रेग्युलेटिंग अ‍ॅक्ट आपल्या पाठ्यपुस्तकात असतो आणि चहा कायदा अमेरिकनांच्या. दोन्ही एकाच दिवाळखोरीची पोरं.

कायद्याची युक्ती अशी. आधी चहा लंडनला लिलावात जायचा, तिथून व्यापारी घेऊन अमेरिकेला धाडायचा. आता कंपनीने थेट निवडक अडत्यांकडे पाठवायचा, लंडनचा कर परत मिळणार, अमेरिकेतला तीन पेन्सचा तसाच. हिशेब केला तर चहा डच तस्करीच्या मालापेक्षाही स्वस्त पडणार. अडत्यांत गव्हर्नर हचिन्सनची दोन मुलं होती. म्हणजे तस्कर बुडाले, कायदेशीर व्यापारी बाजूला पडले, आणि स्वस्त चहा घेणारा प्रत्येक जण तीन पेन्स मोजून पार्लमेंटचा अधिकार मान्य करणार. स्वस्ताई हेच आमिष, आणि गावाला नेमकं तेच खुपलं.

मिल्क स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच्या ओल्ड साउथ मीटिंग हाऊसमध्ये सकाळी जा, गर्दी कमी असते. १६ डिसेंबर १७७३ ला इथे आणि बाहेर मिळून सुमारे पाच हजार माणसं जमली. हाच दिवस का, याचं उत्तर कस्टमच्या नियमात आहे. 'डार्टमथ' जहाज २८ नोव्हेंबरला आलं. वीस दिवसांत कर भरून माल उतरवला नाही तर कस्टम तो जप्त करणार; ती मुदत १७ डिसेंबरला संपत होती. कर न भरता जहाज परत न्यायचं तर गव्हर्नरचा परवाना हवा. त्याशिवाय बंदराच्या तोंडावरच्या किल्ल्याच्या तोफा अडवणार. जहाजमालक फ्रान्सिस रॉच त्या दिवशी मिल्टनला गव्हर्नरच्या घरी घोड्यावर जाऊन आला. नकार घेऊन तो अंधार पडताना परतला आणि सभा उठली. माणसं चहा बुडवायला धक्क्याकडे निघाली.

बाहेर पडून बंदराच्या दिशेने दहा-बारा मिनिटं चाला. चहाची जहाजं लागली होती तो ग्रिफिन्स व्हार्फ आता पाण्यात नाही, भरावाखाली रस्त्याच्या कडेला आहे. एक पाटी सापडते. त्या जहाजांच्या नकला आणि संग्रहालय काँग्रेस स्ट्रीटच्या पुलावर. मुलं बरोबर असतील तर जाच, दोरी बांधलेल्या पेट्या पाण्यात फेकायला मिळतात.

खऱ्या पेट्या मात्र फेकण्यासारख्या नव्हत्या. बोहीची भरलेली पेटी दीडशे किलोच्या पुढे, आतून शिशाचा पत्रा. तळातून कप्पी लावून वर ओढायची, कुऱ्हाडीने फोडायची, मग कठड्यावरून ओतायची. तीन जहाजं, शंभर-दीडशे माणसं, सुमारे तीन तास, ३४० च्या आसपास पेट्या, ९२ हजार पौंडांहून जास्त वजन; कंपनीचा हिशेब ९,६५९ पौंडांचा. अंदाज चुकला तो पाण्याचा. ओहोटी होती. पाणी इतकं उथळ, की चहाचे ढीग गवताच्या गंजीसारखे वर आले आणि पोरांना ते पायांनी ढकलावे लागले. सकाळी होड्या घालून वल्ह्यांनी झोडपून उरलेला बुडवला. चहाशिवाय कशाला हात लावला नाही. एक कुलूप तुटलं, ते भरून दिलं.

चौथा दिवस: १७७४

बहुतेक लोक हे वर्ष गाळून थेट गोळीबाराकडे जातात. आमच्या मते क्रांती झाली ती याच वर्षी. चहाची शिक्षा म्हणून पार्लमेंटने १ जूनपासून बॉस्टन बंदर बंद केलं आणि मॅसॅच्युसेट्सची सनदच मोडून ग्रामसभा व न्यायाधीश गव्हर्नरच्या मुठीत दिले. बंदर बॉस्टनचं बंद झालं, ग्रामसभा मात्र प्रत्येक खेड्याची होती. ६ सप्टेंबरला वुस्टर गावात ४,६२२ मिलिशियावाल्यांनी (गावोगावच्या हत्यारबंद दलांनी) न्यायालयच भरू दिलं नाही. न्यायाधीशांना माणसांच्या रांगांमधून टोप्या काढून चालत जावं लागलं. एक गोळी न झाडता बॉस्टनबाहेरचं सरकार संपलं.

पाहायला जा रेड लाइनने डेव्हिस स्टेशनला. तिथून दहा-बारा मिनिटांवर टेकाडावर पावडर हाऊस आहे. मुळात पवनचक्की, नंतर बंदुकीच्या दारूचं कोठार. सुमारे ३० फूट उंच दगडी बुरूज. दार बंद असतं, बाहेरूनच पाहायचं. दारू गावाबाहेर ठेवायची पद्धत आगीच्या भीतीने. १ सप्टेंबरला पहाटे २६० सैनिक होड्यांतून मिस्टिक नदीने आले आणि २५० अर्ध-पिंपं उचलून नेली. दारू म्हणजे सोरा, गंधक, कोळसा. त्यात तीन-चतुर्थांश सोरा. ब्रिटनकडे बिहार-बंगालचा सोरा कंपनीमार्फत हवा तितका येत होता, वसाहतींकडे जवळजवळ नव्हता. म्हणून नवा गव्हर्नर आणि सेनापती जनरल गेजचं सगळं लक्ष कोठारांवर, आणि गावांचं त्याच्या सैन्यावर. त्या दिवशी बॉस्टनवर तोफा डागल्याची आवई उठली आणि हजारो माणसं शस्त्रं घेऊन निघाली. आवई खोटी ठरली, पण निरोप पोचवायची घडी बसली. रात्री ओल्ड नॉर्थ चर्चच्या खाली उभं राहून मनोऱ्याकडे बघा: सैन्य जमिनीने नाही, नावेने निघालंय हे सांगणारे १८ एप्रिल १७७५ चे दोन कंदील त्या घडीचाच भाग, आणि दाखवले तेही क्षणभरच.

पाचवा दिवस: १९ एप्रिल १७७५

चालायचा दिवस. एलवाइफ स्टेशनहून लेक्सिंग्टनची बस. सुट्टीच्या दिवशी ती विरळ किंवा नसतेच, वेळापत्रक आदल्या रात्री पाहा. एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी पहाटे साडेपाचला लेक्सिंग्टनच्या मैदानात लढाईचा प्रयोग होतो. चारच्या सुमारास पोचलात तर पुढे जागा मिळते, पण कडाक्याची थंडी आणि त्याच दिवशी बॉस्टन मॅरेथॉन, त्यामुळे राहायची सोय महाग. उन्हाळ्यात गवतात गोचिडी असतात आणि त्यांच्यापासून लाइम आजार होतो. लांब पँट, पँट मोज्यात खोचलेली, संध्याकाळी अंग तपासायचं.

लेक्सिंग्टनचं मैदान त्रिकोणी आणि अपेक्षेपेक्षा लहान. कॉनकॉर्डच्या कोठारांकडे निघालेल्या सैन्यापुढे सुमारे ७७ गावकरी कॅप्टन पार्करबरोबर उभे होते. पहिली गोळी कोणाची, ते आजवर ठरलेलं नाही. आठ मेले. इथून टॅक्सीने दहा-बारा किलोमीटरवर कॉनकॉर्डच्या नॉर्थ ब्रिजला जा आणि तिथून मागे पूर्वेकडे चालत या, म्हणजे माघारीची दिशा साधते.

नॉर्थ ब्रिजवर धुराची गोष्ट लक्षात ठेवा. सैनिक गावात तोफांचे लाकडी गाडे जाळत होते, कोर्टाच्या इमारतीलाही आग लागली आणि ती त्यांनीच बादल्या लावून विझवली. पण टेकडीवरच्या चारशे शेतकऱ्यांना दिसला नुसता धूर. गाव जाळतायत, असं वाटून ते खाली उतरले. पुलावर नव्वदेक सैनिक अरुंद रस्त्यात एकामागे एक दाटलेले, त्यामुळे पुढच्यांनाच बार काढता आला. आधी झाडले त्यांनीच. अ‍ॅक्टनचे दोघे पडले. उलट्या बारात तीन सैनिक मेले आणि आठपैकी चार अधिकारी जखमी. १८३६ चा स्मारकस्तंभ सैनिकांच्या काठावर आहे, कारण तेव्हा इथे पूलच नव्हता. मिनिटमनचा (क्षणात हत्यार घेऊन निघणाऱ्या गावकऱ्याचा) पुतळा १८७५ मध्ये योग्य काठावर आला.

मेरियम्स कॉर्नरपासून फिस्क हिलपर्यंत आठ किलोमीटरची बॅटल रोड वाट आहे, थांबत-थांबत तीन तास. पाणी बरोबर हवं. उद्यानात ठासणीच्या बंदुकीचं प्रात्यक्षिक असेल तर थांबा. काडतुसाचा कागद दाताने फाडायचा, थोडी रंजक कानाशी पेल्यात, झाकण बंद. उरलेली दारू नळीत, वर गोळी आणि कागद, गजाने ठासायचं, घोडा ओढायचा. सराव असेल तर मिनिटाला तीन बार, नेम शंभर यार्डांच्या आत. दव, घाम किंवा झिजलेली गार, की नुसती रंजक पेटते किंवा तीही नाही, आणि बार होत नाही. सैनिकाजवळ ३६ काडतुसं. आणि ते आदल्या रात्री दहापासून पायांवर. रांगेत उभं राहून झाडायला बनलेलं हत्यार भिंतीआडून झाडणाऱ्यांपुढे लंगडं पडलं. लेक्सिंग्टनला लॉर्ड पर्सी हजारेक माणसं आणि दोन तोफा घेऊन भेटला म्हणून ते वाचले. सर्वांत वाईट चकमक पुढे आर्लिंग्टनमध्ये. जेसन रसेलच्या घरात गोळ्यांची भोकं अजून आहेत. दिवसाचा हिशेब: सैनिक ७३ मेले, १७४ जखमी, गावकरी ४९ मेले.

त्याच्या जेमतेम सहा आठवडे आधी रघुनाथरावांनी कंपनीशी सुरतेचा तह केला होता.

सहावा दिवस

सकाळी बंकर हिल. २९४ पायऱ्या, लिफ्ट नाही. १७ जून १७७५ ची लढाई खरं तर शेजारच्या ब्रीड्स हिलवर झाली आणि स्मारकही तिथेच आहे. टेकडी ब्रिटिशांनी घेतली, वसाहतवाल्यांची दारू संपली म्हणून. किंमत: एक हजारावर मृत आणि जखमी. दुपारी साउथ बॉस्टनमधली डॉर्चेस्टर हाइट्स. हेन्री नॉक्सने टिकाँडेरोगाच्या किल्ल्यातल्या साठेक तोफा बैलांनी ओढलेल्या घसरगाड्यांवरून बर्फातून आणल्या. ४ मार्च १७७६ च्या रात्री त्या इथे चढवल्या. वरून बंदर दिसतं, मग वेगळं सांगावं लागत नाही. १७ मार्चला सैन्य आणि हजारावर राजनिष्ठ रहिवासी जहाजांत बसून कॅनडातल्या हॅलिफॅक्सला गेले.

उजेड असेल तर ओल्ड स्टेट हाऊसपाशी परत या. १८ जुलै १७७६ ला तिच्या सज्जातून स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला आणि लोकांनी छतावरचे सिंह आणि युनिकॉर्न काढून जाळले. आज दिसतात ते नंतर बसवलेले. त्यानंतर दोनशे वर्षांनी, ११ जुलै १९७६ ला, ब्रिटनची दुसरी एलिझाबेथ राणी त्याच सज्जात उभी राहिली होती, डोक्यावर तेच दोन प्राणी.